पानपट्टीसमोरची आक्का

माझी पानपट्टी बुडवली ती एका बाईनं. तिनं खोक्याला हात लावला नाही, मला शिवी दिली नाही, सरपंचाकडे तक्रार नेली नाही. समोरच्या बाकड्यावर येऊन बसली, एवढंच. आजही आमच्या फाट्यावर कुणापुढे हवालदारीण आक्काचं नाव काढून बघा, माणूस आधी हसतो आणि मग उगाचच वरचा खिसा चाचपतो.

आमचं गाव सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर. फाट्यावर उभं राहून डावीकडे थुंकलं तर साताऱ्यात आणि उजवीकडे थुंकलं तर सांगलीत, असं जुनी माणसं सांगायची आणि थुंकूनही दाखवायची. भोवती ऊस, आणि घराआड एक माणूस फौजेत. मी बी.ए. झालो, भरतीत छाती कमी पडली, नोकरीच्या अर्जांना उत्तरं आली नाहीत, तेव्हा फाट्यावर पत्र्याचं खोकं टाकलं. पान, बिडी, सिगारेट, तंबाखूच्या पुड्या, चुन्याच्या डब्या. सरकारनं बंद केलेला माल मी कधी ठेवला नाही, निदान समोर तरी ठेवला नाही. धंदा बरा चालला होता हो.

आक्काचा नवरा फौजेतून हवालदार होऊन परतला, तेव्हापासून ती हवालदारीण. हुकूम सोडायची सवय मात्र त्यांना नव्हती, हिला होती. हवालदारतात्या मवाळ माणूस. आवाज चढवायची वेळ आली की आधी घसा खाकरायचे आणि बहुतेक वेळा तेवढ्यावरच भागवायचे. आक्का अंगानं काटकुळी, पण तिनं ओढ्याच्या अल्याडहून हाक मारली की पल्याडच्या म्हशी माना वर करायच्या. भावकीच्या नात्यानं ती माझी चुलती लागायची, म्हणून मला कायम ‘बाळू’, आणि रागावली की ‘बाळ्या’.

पण तिचा खरा हातखंडा होता नातं काढण्यात. नवा माणूस दिसला रे दिसला की गाव कुठलं, आईचं माहेर कुठलं, थोरली बहीण कुठं दिलीय, असं विचारत सुटायची. थोड्याच वेळात माणूस कुठल्या ना कुठल्या धाग्याला लागायचा. मग आक्का समाधानानं मान डोलवून सांगायची, ‘म्हंजे मी तुजी मावळण की रं.’ मावळण म्हणजे आत्या. समोरच्याला ती आपली आत्या कशी हे शेवटपर्यंत कळायचं नाही, पण वाकून नमस्कार मात्र करावा लागायचा. तिच्या या नादाची आम्ही लय टिंगल करायचो. पुढे त्याच नादानं माझं खोकं बुडवलं.

तात्यांना बिडी लागली ती फौजेत, बर्फातल्या कुठल्याशा चौकीवर. गावाकडे आल्यावर बर्फ राहिलं नाही, बिडी राहिली. मग एका उन्हाळ्यात त्यांची पोटरी चालताना भरून यायला लागली. देवळापर्यंत जायचं तरी मध्ये कुणाच्या तरी ओट्यावर टेकावं लागायचं. त्यात डाव्या पायाचं बोट काळं पडलं. त्यांचा मुलगा पाचगणीला एका शाळेच्या वसतिगृहात नोकरीला आहे. तो आला आणि आईबापांना सांगलीला, विश्रामबागेतल्या एका मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी पाय दाबून बघितला, तपासण्या केल्या आणि सांगितलं की पायाच्या शिरा आखडत चालल्यात, बिडी ठेवा नाहीतर पाय ठेवा, दोन्ही राहायचं नाही. त्यावर आमचे तात्या शांतपणे म्हणाले, “डॉक्टर, बिडी तर मी तोंडानं वढतो. पायाचा काय संबंध?”

ही हकिगत आक्कानंच मला खोक्यावर येऊन सांगितली. मी हसलो. तिनं माझ्याकडे असं बघितलं की हसू तोंडातच राहिलं. तिचे डोळे भरले होते, आणि आक्काचे डोळे भरलेले मी त्याआधी कधी बघितले नव्हते. तिनं मला तात्यांना बिडी द्यायची नाही म्हणून बजावलं, आणि मी लगेच कबूल केलं. मी काय राक्षस आहे का?

पण माझ्या कबूल करण्यानं काही होणार नव्हतं. तात्यांना बिडी विकत घ्यायची गरजच कुठे होती? आमच्याकडे बिडी पुढे करणं म्हणजे रामराम घालण्यासारखंच. त्यात तात्या गावातला मानाचा माणूस. फाट्यावर आले की ह्यानं म्हणायचं ‘तात्या, घ्या,’ त्यानं म्हणायचं ‘तात्या, माझी घ्या,’ आणि नको म्हटलं तर समोरचा रुसायचा. आक्कानं घरातली बंडलं चुलीत घातली, तर तात्या पूर्वीपेक्षा जास्तच ओढायला लागले. आक्काच्या ध्यानात आलं की एकट्या नवऱ्याची बिडी सुटायची नाही, अख्ख्या फाट्याच्या खिशातनं बिडी जायला पाहिजे. दुसरी कुणी असती तर कपाळाला हात लावून बसली असती. ही बाकड्यावर बसली.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. वडीलधाऱ्या माणसापुढे आमच्यात बिडी ओढत नाहीत. पन्नाशी उलटलेला बाप्या असो, घरात नातवंडं असोत, चुलता दिसला की तो पेटती बिडी मुठीत विझवणार. चटका बसला तरी चालेल, चुलत्याला धूर दिसता कामा नये. पोराची बिडी कुठल्या छापाची हे ज्या बापाला पाठ आहे, त्याच्या पोरानंही बापापुढे कधी काडी ओढलेली नसते. यात कोण कुणाला फसवतं ते मला विचारू नका. आणि आक्का तर गावात कुणाची चुलती, कुणाची आत्या, कुणाची मामी. ज्याची कुणी नाही त्याची ती नातं काढून कुणीतरी व्हायचीच.

पहिल्या दिवशी ती जुन्या लुगड्यांचं बोचकं घेऊन आली, बाकड्यावर पसरलं आणि गोधडी शिवायला लागली. मला वाटलं एसटीची वाट बघतेय. एसटी आली, गेली. आक्का जागची हलली नाही. मग डेअरीचा सेक्रेटरी आला. हा माणूस सकाळी माझ्याकडे बिडी पेटवल्याशिवाय दुधाला हात लावत नसे. त्यानं तोंड उघडलं, बाजूला आक्का दिसली. “आक्का, हितं?” म्हणाला. आक्का म्हणाली ऊन खात बसलेय. सेक्रेटरी माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. शेवटी त्यानं बिस्किटाचा पुडा घेतला. त्याच्यामागून जो आला त्यानंही बिस्किटंच घेतली. दुपारपर्यंत माझी बिस्किटं संपली आणि बिडीची बंडलं जशीच्या तशी.

गावात त्याआधी तंबाखूविरुद्ध काही झालं नव्हतं असं नाही. आरोग्य केंद्राच्या नर्सबाई चित्रं घेऊन आल्या होत्या, सडलेला जबडा आणि काळं फुप्फुस. ती बघून माणसं इतकी हबकली की सभा सुटल्यावर जीव ताळ्यावर आणायला सगळी माझ्या खोक्यावर आली. वेशीवर ‘तंबाखूमुक्त गाव’ असा फलकही लागला. त्याच्या उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी भाषणाआधी बाजूला जाऊन तोंड मोकळं केलं आणि मग फार सुरेख बोलले. आक्का मात्र कुणाला बिडी सोड असं कधी म्हणालीच नाही. कुणी फारच घुटमळायला लागला तर म्हणायची, “पी की. मी कुठं धरलंय तुला?” आणि गोधडीत मान घालायची. तो बिचारा चिंगम घेऊन चालता व्हायचा.

परगावच्या गिऱ्हाइकावर माझी भिस्त होती. ते तरी आक्काला कशाला भितील? एक टेम्पोवाला महाबळेश्वरहून स्ट्रॉबेरी भरून सांगलीला न्यायचा, माझ्याकडे थांबून सिगारेट ओढायचा. तो उतरला, त्यानं सिगारेट मागितली, मी मोठ्या उत्साहानं दिली. तोवर बाकड्यावरून प्रश्न गेला, “कुठलं रं गाव?” मी मनात म्हटलं, गेलं. त्याच्या आईचं माहेर वाईकडचं निघालं, वाईकडच्या कुणाची सून आमच्या भावकीतली निघाली, आणि आक्का त्याची आजी ठरली. सिगारेट त्यानं कानावर ठेवली ती तशीच सांगलीला गेली. पुढच्या खेपेला त्यानं आजीसाठी स्ट्रॉबेरीची पेटी आणली. मला त्यातली एक दिली, आक्कानं सांगितलं म्हणून.

मी तिच्याशी भांडलो नाही असं समजू नका. चांगला तावातावानं भांडलो. आक्का, माझ्या पोटावर का पाय देतेस, म्हणून विचारलं. तिनं सुई थांबवली आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. “बाळू, मला तुजं वाईट करायचं न्हाई. मला ह्येंचा पाय पायजे. बाकी कायबी नको.” तिनंच मग सांगितलं की चहाची किटली ठेव, माणसं नुसती उभी राहतात, त्यांच्या हाताला काहीतरी पाहिजे. मी किटली ठेवली.

सगळ्यात मोठी गंमत पुढेच. आक्काला बघून सगळा फाटा थंड पडला, फक्त एक माणूस सोडून. तात्या यायचे, बायकोशेजारी बाकड्यावर बसायचे आणि निवांत बिडी पेटवायचे. नवऱ्यानं बायकोला भ्यायची रीत कुठे आहे? त्यांचे आईबाप गेलेले, थोरला भाऊ गेलेला, गावात त्यांच्यावर कुणी उरलंच नव्हतं. वर गावकऱ्यांनी, आपल्याला तर ओढता येत नाही मग तात्यांना तरी द्या, म्हणून खिशातल्या बिड्या त्यांच्याच हवाली केल्या. ज्या एका माणसासाठी एवढं मांडलं, त्याच्यावरच आक्काचा उपाय चालेना. ती टाके घालता घालता त्या धुराकडे बघायची आणि सुई बोटात टोचून घ्यायची.

मग तिनं जतकडे दिलेली आपली थोरली नणंद आणवली. तात्यांना त्या बहिणीनं कडेवर खेळवलेलं. बहीण फाट्यावर दिसताच तात्यांनी बिडी टाकली, पायाखाली चिरडली आणि वाकून पाया पडले. आक्कानं माझ्याकडे विजयानं पाहिलं. बहीण बाकड्यावर बसली, प्रवासानं शिणले म्हणाली, कमरेची चंची सोडली, तळहातावर तंबाखू घेऊन चुना लावून मळली आणि अर्धी चिमूट भावापुढे धरली. तात्यांनी ती फार आदरानं घेतली. नणंद चांगला पाहुणचार घेऊन गेली. त्या दिवसांत आक्कापुढे तोंड उघडायची माझी छाती झाली नाही.

शेवटी नर्सबाईंनी सुचवलं की सांगलीच्या एका दवाखान्यात तंबाखू सोडवायला मदत करतात, तिथे घेऊन जा. तात्यांना चालताना खांदा लागायचा, आणि मला माल आणायला जायचंच होतं, म्हणून मीही बरोबर गेलो. तिथे एक तरणी पोर होती, समुपदेशक. गोड बोलणारी. ती तात्यांना रागावली नाही, तिनं भीती घातली नाही. पहिली बिडी कधी लागते, कुणाबरोबर लागते, नाही मिळाली तर काय होतं, सगळं विचारून घेतलं. तात्या तिच्याशी जेवढं बोलले तेवढं मी त्यांना वर्षात बोलताना ऐकलं नव्हतं. मग तिनं सहज आक्काला विचारलं, “आजी, तुम्ही काही घेता का?”

आक्काला राग आला. आमच्या घराण्यातल्या बाया असलं काही करत नाहीत, म्हणून तिनं ठणकावलं. पोरीचं लक्ष तिच्या दातांकडे गेलं. मग मिश्री लावता का, म्हणून तिनं विचारलं. आक्का म्हणाली, ती लावते की, दात घासायला. सकाळी, दुपारी आणि निजताना.

“आणि मिश्री कशाची करतात, आजी?”

आता हे आक्काला कुणी शिकवायला नको होतं. तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, वस्त्रगाळ करून, डबा भरून ठेवण्यात तिचा हात धरणारी गावात कुणी नव्हती. “तंबाकूची,” ती म्हणाली. आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

तुम्ही म्हणाल, एवढं कळत नव्हतं का? नव्हतं. आमच्याकडे तंबाखू खातात ते बाप्ये. बाया मिश्री लावतात. ते दातवण झालं, ती तंबाखू कुठली? भाजायची तंबाखू तिला दर बाजाराला मीच बांधून द्यायचो, आणि माझ्या बी.ए. झालेल्या डोक्यातही ते कधी आलं नाही. तात्या मात्र घसा न खाकरता हसले. असे हसले की बाहेर नंबर लावून बसलेली माणसं दारातून डोकावली. आक्का पदर सावरून उठली आणि परतीच्या एसटीत खिडकीबाहेर बघत बसली. एकाही प्रवाशाला तिनं गाव विचारलं नाही, यावरून काय ते समजा.

फाट्यावर उतरल्यावर तिनं पिशवी माझ्या हातात दिली आणि नवऱ्यापुढे उभी राहिली. “आवं, आजपास्नं मी मिश्री लावत न्हाई. मी टिकले तर तुमी बिडी सोडायची. न्हाई टिकले, तर बाकड्यावरनं उठते आन परत तोंड घालत न्हाई.” तात्या म्हणाले, बघू की. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी माझा मिश्रीवर फार विश्वास बसला.

पुढचे दिवस आक्कानं कसे काढले ते अख्ख्या गावानं बघितलं. मिश्रीशिवाय तिचं पोट साफ होईना. डोकं ठणकायचं, हात थरथरायचे, घोटभर चहा कडू लागायचा. म्हशीशी भांडली, सुनेशी फोनवर भांडली, मारुतीच्या पुजाऱ्याशी तर काही कारण नसताना भांडली. डोक्याला फडकं आवळून ती बाकड्यावर येऊन बसायची, पण गोधडीचे टाके वाकडे जायला लागले. बायका पाणी न्यायच्या निमित्तानं येऊन कानाशी कुजबुजायच्या, जराशी लाव, कुणाला कळतंय. आक्का मान हलवायची आणि डोळे मिटून घ्यायची.

एके दिवशी डेअरीचा सेक्रेटरी येऊन तिच्याशेजारी बसला. त्यानं बिडी सोडायचा घाट अनेकदा घातला होता आणि तितक्याच वेळा मोडला होता. तो तिला सांगायला लागला की दाढेखाली लवंग धर, तलफ आली की उठून चालायला लाग, थोडा वेळ दम काढला की ती आपोआप उतरते. आक्का निमूट ऐकत होती. आजवर तिनं पोरांना दरारा दाखवला होता, आता पोरं तिला धीर देत होती. मग ती म्हणाली, “एवढं वंगाळ असतंय व्हय रं हे? आन मी तुमच्याफुडं नुसती गोधडी शिवत बसले.” सेक्रेटरीनं मला दोन चहा सांगितले.

त्याच आठवड्यात एका दुपारी तात्या एकटेच खोक्यावर आले. आक्का घरी डोकं धरून पडली होती. बाकडं रिकामं होतं, मोका चांगला होता, आणि मला वाटलं आता हे कुणाकडे तरी हात पसरणार. तात्यांनी बडीशेप मागितली. मी दिली. मग लवंगा मागितल्या, दोघांपुरत्या. खिशातून बिडीबंडल काढून माझ्यापुढे ठेवलं आणि घसा खाकरला.

“बाळू, फौजेत माझ्यासंगं लय जणांनी सोसलं. माझ्यासाठी सोसणारी ही एकटीच हाय रं.”

एवढं बोलून ते लंगडत घराकडे गेले. मी ते बंडल बराच वेळ तसंच समोर ठेवलं. मला रडू आलं होतं, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून मी ते आवरलं.

लगेच सगळं गोडीगुलाबीत झालं असं नाही. महिना व्हायच्या आत तात्यांनी उसाच्या आडोशाला जाऊन एक ओढली. आक्काला वास आला. गावाला वाटलं आता रणकंदन होणार. पण तिला आता ते काय असतं हे ठाऊक होतं. ती एवढंच म्हणाली की काल झाली ती झाली, आज ओढली नाही ना, मग आज सोडलेलीच आहे. तात्यांनी पुन्हा ओढली नाही. बोट काढावं लागलं, पण पाय राहिला. विश्रामबागेतल्या डॉक्टरांनी तळवा हातात धरून बघितला आणि गरम आहे म्हणाले, तेव्हा आक्का दवाखान्यातच मटकन खाली बसली. पुढे मुलाकडे पाचगणीला गेले तेव्हा तात्या टेबललँडवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. आक्का मागून ओरडत होती म्हणे, हळू चाला, हितं काय परेड हाय?

मग बाकड्यावर हजेरी सुरू झाली. ही कल्पना तात्यांची, फौजेतली. सोडणाऱ्यांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या दोघांनी एकमेकांवर लक्ष ठेवायचं, तलफ आली की जोडीदाराला हाक मारायची, आणि सकाळी चहाला बाकड्यावर येऊन खरं काय ते सांगायचं. पुण्याला कामाला गेलेली पोरं मोबाईलवरच्या ग्रुपात हजेरी लावायची. घसरला त्याला कुणी हसायचं नाही असा आक्काचा हुकूम. ती स्वतः बचत गटाच्या बैठकांना जायला लागली. बायकांच्या मिश्रीचं प्रकरण अवघड, कारण बाया काही पानपट्टीवर येत नाहीत. तिथे ती आपलं तोंड उघडून काळे दात दाखवायची आणि आपली दवाखान्यात कशी फजिती झाली ते रंगवून सांगायची. बाया पोट धरून हसायच्या, आणि हसता हसता एखादी गप्प व्हायची.

गाव तंबाखूमुक्त झालं असं मी म्हणणार नाही. वेशीवरचा फलक म्हणतो, त्याला म्हणू द्या. बांधावर आजही कुठे कुठे धूर दिसतो. पण फाट्यावर कुणी बिडी पुढे करून रामराम घालत नाही, चहा पुढे करतो. माझ्या खोक्यात आता किटली, वडापाव, बिस्किटं आणि पोरांच्या वह्या. लोक म्हणतात बाळू सुधारला. मी मुळीच सुधारलो नाही. गिऱ्हाईक सुधारलं, माझा नाइलाज झाला.

मागच्या ऊसतोडीच्या दिवसांत आक्का गेली. तापाचं निमित्त झालं, दवाखान्यात नेलं, पण छातीत कफ भरला होता आणि वयही झालं होतं. शुद्धीत होती तोवर तिथल्या नर्सला तिचं गाव विचारत होती. तिला गावाकडे आणलं तेव्हा फाट्यावरची सगळी दुकानं बंद होती, आणि बंद ठेवा असं कुणी सांगितलं नव्हतं. स्मशान नदीकाठी आहे, गावापासून बरंच लांब. मुलानं तात्यांसाठी गाडी सांगितली होती. तात्या गाडीत बसले नाहीत. त्यांनी बायकोला खांदा दिला आणि नदीपर्यंत चालत आले.

अग्नी दिल्यावर आमच्याकडे माणसं बाजूला चिंचेखाली टेकतात. तिथे पहिली बिडी निघते, मग चंच्या सुटतात, आणि जळेपर्यंतचा वेळ त्यात जातो. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललंय. त्या दिवशी चिंचेखाली शंभरावर माणूस होतं, परगावचे पाहुणे होते, आणि कुणाचाही हात खिशाकडे जात नव्हता. मांड्यांवर हात ठेवून सगळे बसले होते. कुणी माती उकरत होतं, कुणी बोटं मोडत होतं.

तात्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. घसा खाकरला.

“वढा की रं,” ते म्हणाले. “आता कोण हाय बघायला?”

डेअरीच्या सेक्रेटरीनं बाहीला डोळे पुसले.

“तुमी हायसा की, तात्या.”

तात्या धोतर झटकून उठले, आणि कुणाचाही खांदा न घेता घाटाच्या पायऱ्या चढायला लागले. आम्ही सगळे खाली उभे राहून त्यांचे पाय बघत होतो.